सातव्या पानाचं जोडपान

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा पुस्तकबांधणी, राहणार स्वतःच्या मालकीच्या घरात, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आज भरदुपारी, पोट भरलेलं आणि डोकं ठिकाणावर असताना, कुणी दटावल्याशिवाय आणि कुणी चुचकारल्याशिवाय, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते लिहून ठेवते. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही. मरायला सवड नव्हती.

डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. तो लागेल. माझा धाकटा भाऊ, जो नगरसेवक आहे, माझं डोकं फिरलंय असं अधूनमधून जाहीरपणे सांगतो, पण त्याच्याकडे दाखला नाही. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, आजचा वार विचारला, आणि राज्य कोण चालवतं ते विचारलं. "खरं सांगू की पेपरात येतं ते?" असं मी म्हणाले, तेव्हा त्यांनी सही केली.

कलम १. घर. खाली बांधणीचं दुकान, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा लोखंडी जिना, हे सगळं मी हिला देते.

'ही' कोण, ते लिहिणं कायद्यानं भाग आहे, आणि नेमकं तेच लिहिणं कायद्यानं बंद आहे. त्यामुळे वकीलबाईंकडे तीन खेपा झाल्या.

"'जोडीदार' लिहू नका," वकीलबाई म्हणाल्या. "नव्या कायद्यानंतर दोन्हीकडे बायकाच असतील तर तो शब्द कोर्टात टिकत नाही. तुमचे बंधू त्या एका शब्दावर सगळं मृत्युपत्र आडवं करतील."

"मग काय लिहू?"

"स्नेही लिहा. सहनिवासी लिहा. काळजीवाहक चालेल."

"हिनं कधी काळजी वाहिली? गॅस चालू ठेवून बाजारात जाते."

"भाडेकरू?"

"चौतीस वर्षांच्या पावत्या मागतील."

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग वर्णन करा. वर्णनाला अजून बंदी नाही."

तर वर्णन असं. लाभार्थी म्हणजे ती बाई, वय सहासष्ट, धंदा दातांच्या कवळ्या बनवणं, गल्लीत कवळीवाली म्हणून ओळखली जाणारी. चौतीस वर्षांपूर्वी ती दातांच्या आकृत्यांचं एक फाटकं पुस्तक बांधायला घेऊन आली आणि "उद्या मिळेल का?" म्हणाली. पुस्तक तिसऱ्या दिवशी तयार झालं. पण ते न्यायचं सोडून ती महिनाभर रोज नुसती चौकशीला येत राहिली. ती माझ्या डाव्या अंगाला झोपते, कारण ती घोरते आणि मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर सहा दिवस बसलेली तीच. अशी बाई या गावात एकच आहे. कोर्टाला शंका असेल तर कोर्टानं येऊन खात्री करून घ्यावी.

कलम २. बँकेतली ठेव हिलाच. आकडा बँकेला ठाऊक आहे, आणि तो ऐकून कुणी भांडायला उठेल असा नाही.

कलम ३. माझा मोठा शब्दकोश, नवी पाठ आणि कातडी कोपरे घातलेला, शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना द्यावा. आम्हा दोघींमुळे गल्लीचं वातावरण बिघडतं असा अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून बावीस सह्या गोळा केल्या होत्या. त्या अर्जात 'अनैसर्गिक' हा शब्द तीन ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी वेगळा लिहिला होता. शब्दकोशात 'अ'च्या पानावर खूण घालून ठेवली आहे.

कलम ४. फोटो. समोरच्या खोलीतला चौकटीतला फोटो माझ्या भावाच्या पक्षकार्यालयाला द्यावा, दर्शनी भिंतीवर लावण्यासाठी. त्यामागची हकिकत अशी.

नऊ वर्षांपूर्वी आमच्यासारख्यांना लग्नाची नोंद करू देणारा कायदा झाला. आम्ही दोघी तेव्हा साठीच्या आगेमागे होतो. ही म्हणाली, "आता कशाला? पंचवीस वर्षं बिननोंदणीची चांगली गेली की." मी म्हणाले, "उद्या मी दवाखान्यात पडले तर तुला बाकावर बसवतील, आत सोडणार नाहीत." मग एका मंगळवारी आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. कारकुनानं वही उघडली आणि मला हसू आलं. वही माझ्याच हातची होती. त्या कार्यालयाच्या नोंदवह्या सव्वीस वर्षं मीच बांधल्या. एका पानावर एक जोडपं, पुढच्या बाजूला माहिती, मागच्या बाजूला सह्या. आमचं पान सातवं आलं.

भाऊ कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सोबत पेपरवाला फोटोग्राफर. तेव्हा वारा त्या बाजूचा होता. तो आम्हा दोघींच्या मधोमध उभा राहिला, दोघींच्या खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, "माझ्या ताईनं मला माणुसकी शिकवली." दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, त्याच वहीत त्याच्या मुलाच्या लग्नाची नोंद झाली. माझ्या भाच्याचं पान दहावं. आम्ही दोघी तिथेही होतो, आणि सगळ्यांनी मिळून एकाच टपरीवर चहा प्यायला.

पाच वर्षांनी वारा फिरला. वारा वाहील तशी पाठ द्यावी हे भावाला कुणी शिकवावं लागलं नाही, ते त्याचं उपजत. तो 'कुटुंब बचाव समिती'चा अध्यक्ष झाला. वहिनी तोवर कंटाळून बहिणीकडे राहायला गेली होती, तेव्हा कोणाचं कुटुंब वाचवायची निकड आहे ते निदान त्याला घरबसल्या कळत होतं. फोटोत तो फार छान दिसतो. तसा तो पुन्हा कधी दिसला नाही.

कलम ५. वहिनीला मागच्या खोलीत केव्हाही, कितीही दिवस येऊन राहण्याची मुभा आहे. हिची हरकत नाही, विचारलं आहे. उलट पत्त्यांना तिसरा हात मिळेल म्हणाली.

कलम ६. कवळी. समितीच्या पहिल्या मोठ्या सभेच्या आदल्या दुपारी भाऊ मागच्या जिन्यानं वर आला. पुढून आला असता तर लोकांनी पाहिलं असतं.

"ताई, ती आहे का?"

"ती कोण?"

"अगं, ती... दातांची."

ही आतून हात पुसत आली. त्याची वरची-खालची कवळी हिनंच केलेली. "काय झालं?" म्हणाली.

"'स' म्हणताना सुटते. शिट्टी वाजते. उद्या भाषण आहे माझं."

हिनं कवळी हातात घेतली, उजेडात धरली, कुठे काय टोचतं ते विचारलं, बारीक कानशीनं दोन ठिकाणी घासली, धुऊन त्याला परत दिली. "म्हणून दाखवा."

"संस्कृती," भाऊ म्हणाला. "समाज. संस्कार."

"अजून. भाषणात आहे तेच म्हणा."

भाऊ फरशीकडे बघत म्हणाला, "समलिंगी संबंधांनी समाजाचा सत्यानाश..."

"आता स्वच्छ ऐकू येतंय," ही म्हणाली. "सुपारी खाऊ नका."

तो गेल्यावर मी हिच्यावर ओरडले. मला इतका राग कधी आला नव्हता. "सैल ठेवायची होतीस! भर सभेत पडली असती तोंडातून!"

ही कानशी पुसून डब्यात ठेवत होती. "तो काय बोलतो ते लोकांना नीट ऐकू यायला नको? उद्या म्हणेल, मी तसं बोललोच नव्हतो."

भाषण गाजलं. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला.

तर भावाच्या कवळीची दुरुस्ती त्याच्या हयातीपर्यंत फुकट होईल. अट एकच. त्यानं पुढच्या दारानं यावं.

कलम ७. हत्यारं. पुस्तकं दाबायचा शिकंजा, कापायचं यंत्र, सगळी दाभणं, घडी मोडायची हाडाची पट्टी आणि कागदाचा साठा मास्तरांना द्यावा, आणि ते म्हणतील तोवर खालचं दुकान वापरू द्यावं. मास्तर म्हणजे मोठ्या शाळेतले गणिताचे मास्तर. सत्तावीस वर्षं शिकवलं. त्यांची आणि त्यांच्या रंगाऱ्याची नोंद आमच्याच वहीत, बाराव्या पानावर. समितीनं वहीतली नावं काढून यादी छापली आणि ती शाळेच्या फाटकावर चिकटवली. आठ दिवसांत मास्तर घरी. ज्या पालकांनी त्यांना काढायला लावलं त्यांतल्या दोघांना त्यांनीच पाढे शिकवले होते.

ते माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आले. हातात सगळी प्रमाणपत्रं. "एकत्र बांधून द्या," म्हणाले. "आता लागणार नाहीत, पण चुरगळायला नकोत." मी काम करताना ते बघत राहिले आणि म्हणाले, "तुमचा पुठ्ठा डावीकडे अर्धा मिलिमीटर जास्त आहे." चाळीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. मोजून पाहिलं तर खरंच होता. दुसऱ्या दिवसापासून ते कामाला येऊ लागले. हात चांगला आहे, फक्त चिकटवायची खळ पातळ करतात. मास्तर, मी मेले तरी खळ पातळ करू नका.

कलम ८. वही. वही माझ्या मालकीची नाही, सरकारची आहे, त्यामुळे ती मला कुणाला देता येत नाही. पण तिचं काय झालं ते लिहून ठेवणं भाग आहे, कारण कलम ९ त्यावर उभं आहे.

कायदा रद्द झाला तेव्हा तो नुसता रद्द झाला नाही. तो कधी नव्हताच असं ठरलं. आम्हाला छापील पत्र आलं: 'अशी कोणतीही नोंद कधीही झालेली आढळत नाही.' पाकिटावर मात्र आम्हा दोघींची नावं शेजारीशेजारी टाइप केलेली होती, कारण पत्ता त्यांनी त्याच नोंदीतून उतरवला होता.

मग एका सकाळी नोंदणी कार्यालयाचे साहेब स्वतः वही घेऊन दुकानात आले. मागे कारकून, मान खाली.

"बाई, यातली एकोणीस पानं काढायची आहेत. काढल्याचं कळता कामा नये."

"साहेब, ही शिवलेली वही आहे. आठ मोठे कागद मधोमध दुमडून एकात एक घालायचे, की सोळा पानं होतात, आणि मग घडीवर टाका घालायचा. म्हणजे प्रत्येक पानाला पलीकडे एक जोडपान असतं. कागद एकच. सातवं कापलंत तर दहावं सुटेल."

"ते आम्ही बघू."

"मग कापायचंही तुम्हीच बघा."

त्या दिवसापासून माझं सरकारी काम बंद झालं. पानं कारकुनाला कापायला लावली, दाढीच्या ब्लेडनं. हे त्यानं मला पुढे निवृत्त झाल्यावर दुकानात उभं राहून सांगितलं. "प्रत्येक पानावर माझी सही होती, बाई. एकोणीस वेळा स्वतःचीच सही कापली." मी त्याला बसायला स्टूल दिलं. चहा दिला नाही. दुसऱ्या खेपेला दिला.

गेल्या वर्षी भाच्याला आणि त्याच्या बायकोला परदेशी नोकरी लागली. तिकडे लग्नाच्या नोंदीची शिक्क्याची नक्कल मागितली. दोघं खिडकीवर गेली. वही उघडली तर सहानंतर आठ आणि नवानंतर अकरा. कपाटं हलवताना दहावं पान कुठेतरी गळून पडलं होतं. खिडकीवरच्या माणसानं नियमाप्रमाणे छापील पत्र दिलं: 'अशी कोणतीही नोंद कधीही झालेली आढळत नाही.' लग्नाला आठ वर्षं, दोन पोरं, आणि नोंद कधीही झालेली आढळत नाही! सूनबाई फोनवर रडत मला म्हणाली, "आत्या, मग आम्ही एकमेकांचे कोण?" मी म्हणाले, "सहनिवासी लिही. काळजीवाहकही चालतं म्हणे." हे बोलल्याचं मला वाईट वाटतं. तिचा काही दोष नव्हता. तिच्यासाठी माझी सोन्याची बांगडी ठेवली आहे, तीही याच कलमात धरावी.

पान शेवटी कपाटामागे सापडलं, कडा कुरतडलेलं. साहेब बदलले होते. नवे साहेब म्हणाले, सुटं पान चालणार नाही, मूळ वहीत मूळ बांधणाऱ्याकडून शिवून आणा, तरच शिक्का. तेव्हा भाऊ आला. भर सकाळी, पुढच्या दारानं, वही वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत.

"ताई, एवढं शिवून दे."

"सुटं पान शिवता येत नाही. त्याला जोड लागतो."

"मग लाव की जोड."

"होता जोड. तुझ्या समितीनं कापायला लावला."

तो स्टुलावर बसला. मागे मास्तर पुठ्ठा मोजत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

"पोराची नोकरी जाईल गं, ताई."

"मास्तरांची गेली."

त्यानं वहीवरचं वर्तमानपत्र उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. मग तो म्हणाला, "तुला काय हवंय?"

मी दोन गोष्टी मागितल्या. पहिली अशी, की जिथून जिथून पान कापलं तिथे तिथे मी त्याच जातीचं कोरं पान घालणार, जोडपानाला जोडून, आणि वर जुना आकडा टाकणार. सात म्हणजे सात, बारा म्हणजे बारा.

"कोरं कशाला?"

"लिहिलेलं तुम्हाला चालत नाही."

दुसरी म्हणजे वकीलबाईंनी तयार केलेला कागद. माझ्या मागे या घरावर आपण हक्क सांगणार नाही, आणि मृत्युपत्राला आडवे येणार नाही. त्यानं तो दोनदा वाचला.

"ताई, माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुझ्यावर आहे. वाऱ्यावर नाही."

त्यानं सही केली. मास्तरांनी टीपकागद पुढे केला. कोऱ्या पानांना साहेबांची मंजुरी लागणार होती, ती भावानंच फोन करून मिळवली, ज्या तोंडानं सभा गाजवली होती त्याच तोंडानं. काम एका दिवसाचं होतं. मी चार दिवस लावले. घाई केली की टाके ताणतात, असं मी त्याला सांगितलं, आणि तो रोज संध्याकाळी येऊन बघून गेला.

आता ती वही कार्यालयात आहे. भाचा आणि सूनबाई नक्कल घेऊन गेली. वही चाळणारा प्रत्येक जण मध्येच कोरं पान आलं की थांबतो आणि विचारतो, इथे काय होतं? खिडकीवरचा माणूस म्हणतो, काही नव्हतं. विचारणारा म्हणतो, मग एवढी जागा कशी सुटली? निवृत्त कारकून अजून तिकडे चक्कर मारतो; तो मला हे सांगतो तेव्हा त्याला हसू आवरत नाही.

कलम ९. भावाचा तो कागद सोबत जोडला आहे. भावाला घरातलं काही नाही. माफी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी हिच्याकडे आहे. ती त्यानं हिच्याकडे मागावी, आणि मागताना स्पष्ट बोलावं.

कलम १०. माझ्या अंत्ययात्रेत पुढे ही चालेल. कुणी "आधी घरचे" म्हणालं तर त्याला हिच्या मागे उभं करावं. भाषण नको. समितीनं शोकसंदेश पाठवलाच तर मास्तरांनी त्यातल्या चुका लाल शाईनं दाखवून परत पाठवावा.

कलम ११. असे कायदे जातात तसे येतातही. कायदा पुन्हा आला आणि तेव्हा मी नसले, तर हिनं माझ्या नावानं झुरत बसू नये. कुणी मनासारखी भेटली तर खुशाल जाऊन नोंद करावी, माझी त्यास संमती आहे. पुस्तकाची पानं दुमडणारी मात्र नसावी.

हे कलम खोडलं आहे. हिनं मसुदा वाचायला घेतला, घर, ठेव, हत्यारं सगळं मान हलवत वाचलं आणि इथे येऊन थांबली.

"हे कुणी लिहायला सांगितलं होतं?"

"सोय असावी म्हणून."

"माझी सोय मी बघेन. खोड ते."

"अगं, नुसती संमती आहे, सक्ती नाही."

"मी मागितली होती संमती? खोड म्हणते ना."

मी खोडलं. खाली काय होतं ते वाचता येईल इतपतच खोडलं, तेवढी माझी हुशारी. वकीलबाई म्हणाल्या, खोडलेल्या जागेशेजारी लिहून देणारीची सही लागते. मी केली. तेवढ्यात हिनं माझ्या हातातून पेन घेतलं. वकीलबाई घाईनं म्हणाल्या, "तुमची नको. लाभार्थीच्या सहीला इथे काही अर्थ नाही, कोर्ट ती बघणारही नाही."

"न बघू दे," ही म्हणाली, आणि माझ्या सहीशेजारी पूर्ण नावानं सही केली.

लिहून देणार: सही

साक्षीदार १: नोंदणी कार्यालयातला निवृत्त कारकून. सही, स्वतःच्या पेनानं.
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर. सही, नेहमीप्रमाणे न वाचता येणारी.

ठिकाण: दुकान, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: चौदा मार्च, गुरुवार, दुपारी साडेतीन.
पानं: सहा. खाडाखोड: एक, कलम अकरा. शेजारी सह्या: दोन.